ओळखपरेडमधून गणित काढायचंय? मग आधी भांडण लागू द्या

पत्र असं आलंय: "ताई, नमस्कार. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत सहावी-सातवीला गणित शिकवतो. यंदाच बदली होऊन या गावात आलोय, दोन्ही वर्ग मिळून पट ३१. पहिल्या आठवड्यात मुलांची ओळखही व्हावी आणि त्यातूनच गणिताला लागणारी आकडेवारीही मिळावी असं ठरवलं. सगळ्यांना आवडता रंग विचारला, आवडतं फळ विचारलं, फळ्यावर ताळ्याच्या खुणा केल्या, स्तंभालेख काढून घेतला. मुलं जांभया देत होती. ओळख तर काही झालीच नाही, ३१ पैकी १९ जणांना आंबा आवडतो एवढंच कळलं. त्यात आमचे मुख्याध्यापक म्हणतात हे खेळ बास करा, पोर्शन मागे पडेल. माझं चुकतंय काय?"

सर, नमस्कार. पहिलं म्हणजे तुमचं फार काही चुकलेलं नाही, जूनमध्ये आंबा विचारल्यावर आंबाच येणार. मीसुद्धा नोकरीची पहिली सात-आठ वर्षं रंग, फळ, प्राणी हेच विचारत होते, आणि खरं सांगायचं तर मुलं उत्तर देताना शेजारच्याने काय सांगितलं ते बघून तेच ठोकून देतात, कारण आपल्याला कुठला रंग आवडतो याच्याशी त्यांना स्वतःलाच काही देणंघेणं नसतं. तुम्हालाही नसतं, आणि ते त्यांना बरोबर कळतं.

मला हे उमगायला एक मुलगा कारणीभूत झाला. जूनचा पहिला आठवडा होता, मी फळ्यावर चार खाने आखले, मामाचा गाव, देवदर्शन, ट्रिप आणि कुठेच नाही, आणि म्हटलं सुट्टीत कुठे गेला होतात, प्रत्येकाने येऊन आपल्या खान्यात खूण करायची. एक मुलगा खडू हातात घेऊन बराच वेळ उभा राहिला आणि शेवटी 'कुठेच नाही' मध्ये खूण करून जागेवर जाऊन बसला. त्याचे आईवडील ऊसतोडीला जायचे. पोरगं दिवाळीनंतर टोळीबरोबर गेलं होतं ते पट्टा पडल्यावर, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपल्यावर, परत आलं होतं, म्हणजे अख्ख्या वर्गात सगळ्यात जास्त फिरलेला तोच, आणि माझ्या ग्राफमध्ये तो कुठेच गेलेला नव्हता. स्तंभालेख अगदी सुबक आला होता हो, प्रमाण लिहिलेलं, अक्षांना नावं दिलेली, सगळं. पण खोटा होता, कारण खाने मी आखले होते.

तेव्हापासून मी एकच पथ्य पाळते, प्रश्न माझा असला तरी खाने आणि मोजायचा नियम मुलांनी ठरवायचा. आणि प्रश्न असा निवडायचा की नियम ठरवताना भांडण लागलंच पाहिजे. भांडण लागलं नाही तर समजायचं प्रश्न पोचट आहे, पुसून टाका आणि दुसरा घ्या.

उदाहरण देते. 'तुम्ही भावंडं किती' हा प्रश्न वर्गात टाकून बघा आणि गप्प उभे राहा. दोन मिनिटांत कुणीतरी विचारणारच, "बाई, चुलत धरायचे का?" आपल्याकडे चुलतभाऊ हा भाऊच असतो ना, राखी त्यालाही बांधतात, मग का नाही धरायचा? एक म्हणते माझे अकरा भाऊ, दुसरा म्हणतो अकरा कसे, तुझा तर एकच आहे, आणि लागली जुंपली. मग कोण कुणाबरोबर राहतं, कुणाचा काका मुंबईला असतो, कुणाची आत्या माघारी आलीय, हे सगळं पोरं आपापसात बोलतात, आणि तुम्ही नुसतं कोपऱ्यात उभं राहून ऐकलं तरी जी ओळख होते ती 'माझे नाव अमुक, मला क्रिकेट आवडते' या वाक्यातून सात जन्मात होणार नाही.

तरी भावंडांचा प्रश्न मी हल्ली विचारत नाही, एखाद्या घरात भावंड गेलेलं असतं आणि ते मूल सगळ्यांसमोर अडकतं. त्याऐवजी विचारा, तुमच्या घरात एका चुलीवर किती माणसं जेवतात. हे मी जनगणनेच्या ड्युटीत शिकले. २०११ ला आम्ही घरोघर फिरलो तेव्हा कुटुंब कुणाला म्हणायचं याची व्याख्याच मुळी अशी होती की एकत्र राहतात आणि एकाच स्वयंपाकघरात जेवतात ते एक कुटुंब. दारावर पाटी एक आणि आत चुली तीन, असली घरं तुमच्याही गावात असणारच. मुलांना ही व्याख्या लगेच पटते. "आजी आमच्यात जेवते पण झोपते काकाकडे", मग ती कुठे मोजायची? चुलीवर. संपला विषय. पण तिथे पोचायला आमच्या वर्गाला पंचवीस मिनिटं लागली होती, आणि ती पंचवीस मिनिटं वाया गेली असं जो म्हणेल त्याने कधी आकडेवारी गोळा केलेली नाही.

आता चपलांचं सांगते, हे तुम्ही उद्याच करू शकता, खर्च शून्य. मुलं वर्गाबाहेर चपला काढतातच. आम्ही विचारलं की पोषण आहारात कशाचा वार सगळ्यात आवडतो, खाने मुलांनी पाडले (खिचडी, वरणभात, मटकीची उसळ आणि 'मी घरी जेवतो') आणि उत्तर म्हणून प्रत्येकाने आपली एक चप्पल व्हरांड्यात आपल्या रांगेत ठेवायची. झाल्या चार रांगा. लांबून बघितलं तर उसळीची रांग सगळ्यात लांब. मोजलं तर उसळ ९ आणि खिचडी १२! कसं काय? एक सहावीतली मुलगी वाकून बघत होती, ती म्हणाली, "बाई, उसळीत सगळी मोठी पोरं आहेत, त्यांच्या चपला मोठ्या, आणि त्यांनी मध्ये जागा पण सोडलीय." मी काही म्हणजे काही सांगितलं नाही. व्हरांड्याला शहाबादी फरशी होती, तिनेच म्हटलं एका फरशीवर एकच चप्पल ठेवायची, मग ती फुटकी असो नाहीतर बापाची असो. सगळ्यांनी चपला हलवल्या आणि खिचडीची रांग पुढे गेली. स्तंभालेखात प्रत्येकाला सारखीच जागा का द्यायची, सुरुवात एकाच रेषेवरून का करायची, दोन स्तंभांत अंतर सारखं का ठेवायचं, हे मी आधी दहा वर्षं फळ्यावर घसा कोरडा करून सांगत होते. त्या फरश्या म्हणजेच आलेखाचा कागद. नंतर वहीत काढायला दिला तर एकाचाही स्तंभ हवेत तरंगत नव्हता.

(एक सूचना, जवळपास सारख्या चपला घालणारी पोरं असतात, तेव्हा डावीच चप्पल ठेवायची असा नियम करा. आमच्याकडे एकजण दोन डाव्या घालून घरी गेला होता आणि संध्याकाळी त्याची आजी शाळेत आली.)

सातवीसाठी नावांचं करा. आपल्या नावात अक्षरं किती ते मराठीत मोजायचं आणि इंग्रजीतही मोजायचं. ऐकायला अगदी बालवाडीचं वाटतं पण करून बघा. प्रज्ञाचं मराठीत दोन, इंग्रजी स्पेलिंगमध्ये सात. ज्ञानेश्वरचं मराठीत चार आणि इंग्रजीत अकरा, तो बिचारा आधार कार्डच्या फॉर्मवर चौकोन कमी पडतात म्हणून वैतागलेला असतो. ओमचं दोन्हीकडे दोन. पण आधी भांडण: 'ज्ञा' हे एक अक्षर की दोन? 'श्व' मध्ये तर अर्धा श आणि व स्पष्ट दिसतो, मग दोन धरा. काना-मात्रा वेगळे धरायचे का? एक वर्ग ठरवेल जोडाक्षर एकच, दुसरा म्हणेल नाही, व्यंजनं मोजू. दोन्ही चालेल, फक्त एकदा ठरलं की सगळ्यांना तेच, मध्येच आपल्या सोयीने बदलायचं नाही. आणि मग बघा, प्रत्येक मुलाचे दोन आकडे तयार झाले, एक मराठीचा एक इंग्रजीचा, म्हणजे पाच-सहा मित्रांचा गट केला की जोडस्तंभालेख, प्रत्येक नावाचे शेजारी-शेजारी दोन स्तंभ, आयता. पुस्तकातल्या कुठल्यातरी दोन गावांच्या गव्हाच्या उत्पादनापेक्षा स्वतःच्या नावाचा स्तंभ काढायला मुलं जरा जास्तच जीव लावतात. आणि तुम्ही नवीन आहात ना, तुमची ३१ नावं एका दिवसात पाठ होतील, तो फायदा वेगळाच.

सरासरीसाठी माझा सगळ्यात लाडका प्रश्न म्हणजे घरून शाळेत चालत यायला किती मिनिटं लागतात. पहिल्या दिवशी तोंडी विचारा, सगळे पाच, दहा, पंधरा असेच सांगतील, सात कुणी म्हणणार नाही. ते फळ्यावर लिहून ठेवा. मग म्हणा उद्या खरंच मोजून या, घरातलं कुणाचं तरी घड्याळ किंवा मोबाईल बघून निघायचं आणि वर्गात आल्यावर भिंतीवरचं घड्याळ बघायचं. दुसऱ्या दिवशी आकडे बदलतात, आणि तिथेच अंदाज आणि मोजमाप यातला फरक त्यांच्या डोळ्यांसमोर असतो. आमच्या एका गटाच्या नऊ जणांचे आकडे अजून आठवतात: ३, ४, ५, ५, ६, ७, ८, १० आणि ४२. बेरीज ९०, सरासरी बरोब्बर १० मिनिटं. मी म्हटलं चला, म्हणजे तुमच्या गटातल्या मुलाला साधारण दहा मिनिटं लागतात. तर एकदम कालवा, "नाही बाई, आम्ही सगळे तर दहाच्या आतच येतो!" आणि खरंच की, आठ जण दहा किंवा त्याच्या आत आणि एकटी ४२ वाली. ती मळ्यातल्या वस्तीवरून ओढ्यातून यायची. सरासरी ना त्यांच्या कामाची ना तिच्या कामाची. मग मी त्यांना चढत्या क्रमाने ओळीत उभं केलं आणि मधलं कोण ते विचारलं, पाचवा मुलगा, ६ मिनिटं. मध्यक हा शब्द पोर्शनला नववीत येतो, तो मी उच्चारलाही नाही, पण कल्पना सातवीतच कळली होती. आणि त्या दिवसानंतर पावसात ती मुलगी उशिरा आली तर वर्गात कुणी हसलं नाही. मीही आधी दोनदा तिला उशिरावरून बोलले होते, ते आठवलं की अजून कसंतरी होतं.

वाढदिवसाचा प्रश्नही मस्त आहे पण त्यात एक गंमत आहे ती तुम्हाला माहीत असेलच. मुलांना न बोलता, नुसत्या खाणाखुणा करून जन्मतारखेच्या क्रमाने ओळीत उभं राहायला सांगा, फार धमाल येते. ३१ जणांच्या वर्गात दोघांचा वाढदिवस एकाच तारखेला असण्याची शक्यता साधारण ७३ टक्के असते (२३ जण असले तरी निम्म्याच्या वर जाते), तेव्हा पैज लावायला हरकत नाही, पैज पेन्सिलीची. आणि गृहपाठ म्हणून आईवडील, आजीआजोबांच्या कागदावरच्या जन्मतारखा महिन्यांप्रमाणे आणायला सांगा. जूनचा स्तंभ पार छताला लागेल. मुलं विचारतील, आजीच्या वेळेला सगळी बाळं जूनमध्येच व्हायची का? मग सांगा त्यांना, की तारीख माहीत नसली की गुरुजी दाखल्यावर १ जून टाकून मोकळे व्हायचे. माझ्या स्वतःच्या वडिलांची तारीख १ जूनच आहे, खरी आजीला विचारली तर "त्या वर्षी पाऊस उशिरा आला होता तेव्हा" एवढंच सांगायची. आकडा कागदावर छापलेला आहे म्हणून खरा असतोच असं नाही, तो कुणी लिहिला आणि का लिहिला हे विचारायचं असतं, हे बाराव्या वर्षी कळलं तर वाईट काय.

विताची गोष्ट थोडक्यात सांगते कारण ती बऱ्याच जणांना माहीत असते. प्रत्येकाने आपली वीत पट्टीवर मोजायची आणि मग तोच एक बाक प्रत्येकाने आपल्या वितीने मोजायचा. १२० सेंटिमीटरचा बाक असेल तर १५ ची वीत असलेल्याला ८ विती आणि तुमच्या २० च्या विताला ६. वीत वाढली की आकडा घटला, व्यस्तप्रमाण पुढे केव्हा शिकवाल तेव्हा हा तक्ता काढा. मात्र वजन चुकूनही सगळ्यांसमोर घेऊ नका. उंचीसुद्धा मी घेते ती एकेकट्याची, कोपऱ्यात. वडील काय करतात, घरी गाडी कुठली, मोबाईल किती, मार्क किती पडले होते, हेही ग्राफला घ्यायचं नाही. आणि मुलं विरुद्ध मुली असा तक्ता कृपा करून करू नका, सगळ्यात सोपा म्हणून सगळे तोच करतात आणि मग वर्षभर वर्गात दोन पार्ट्या. एखादी नाजूक गोष्ट मुलांनाच मोजायची असेल तर चिठ्ठीवर आकडा लिहून डब्यात टाकायचा, नाव नाही लिहायचं.

मुख्याध्यापकांचं काय करायचं? त्यांचंही चूक नाही, त्यांना वर उत्तरं द्यावी लागतात. त्यांच्याशी वाद घालू नका, एक दोनशे पानी वही घ्या आणि तिच्यावर 'वर्गाची आकडेवही' असं लिहा. या आठवड्यात जे काही मोजाल ते सगळं त्यात तारीख घालून लिहायचं, नियम काय ठरला तेही. मग वर्षभर जेव्हा जेव्हा उदाहरण लागेल तेव्हा पुस्तकाच्या आधी ही वही उघडायची. गुणोत्तर आलं, चुलीवरच्या माणसांचं पान. शेकडेवारी आली, चपलांचं पान, आणि समजा तुमच्या ३१ पैकी १२ खिचडीवाले निघाले तर काही गोल आकडा येत नाही, ३८.७ असं काहीतरी येतं, तेही बरंच, कारण खऱ्या आयुष्यात शंभरच्या पटीत कोण भेटतं. स्तंभालेख, जोडस्तंभालेख, सरासरी यांची माहिती आधीच गोळा झालेली असली की ते धडे भराभर होतात, माझे तरी प्रत्येकी दोन-तीन तास वाचायचे. हा हिशोब मुख्याध्यापकांना दाखवा. शिवाय २९ जूनला सांख्यिकी दिन असतो, संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिसांचा जन्मदिवस, २००७ पासून देशभर पाळतात, त्या दिवशी आकडेवहीतले चार तक्ते कार्डशीटवर काढून भिंतीला लावले की उपक्रमाच्या रजिस्टरला एक नोंद आयती मिळते. मुख्याध्यापकांना नोंद आवडते, मी दोघा-तिघांवर वापरून बघितलंय. त्या दिवशी सुखात्म्यांचंही सांगा, पांडुरंग वासुदेव सुखात्मे, सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे, शेतातल्या काही थोड्या जागांचं पीक कापून, तोलून सगळ्या भागाचं उत्पादन कसं काढायचं या नमुना पाहणीच्या शास्त्रात त्यांचं मोठं काम आहे. पीकविम्यासाठी पीक कापणी प्रयोग करायला माणसं शिवारात येतात ती तुमच्या मुलांनी पाहिलेली असतील, तिथून धागा जोडा, लांबचं काही वाटणार नाही.

आता शेवटचा खेळ, खरं तर सुरुवात यानेच करा. प्रत्येकाने स्वतःबद्दलचे पाच आकडे कागदावर लिहायचे, फक्त आकडे, आणि बाकीच्यांनी ओळखायचं कुठला आकडा कशाचा. पण आधी तुमचे स्वतःचे फळ्यावर लिहा, नाहीतर मुलं मोकळी होत नाहीत. मी लिहायचे २७, ५, १, ३ आणि ०. सत्तावीस वर्षं नोकरी, पाचवी बदली वगैरे ते हळूहळू ओळखायचे पण शून्यावर सगळा वर्ग अडायचा. शून्य म्हणजे मी किती वेळा विमानात बसले! त्यावर जो काही हशा व्हायचा त्यानंतर कुणालाच आपला आकडा लहान आहे म्हणून लाज वाटायची नाही. एका मुलीने लिहिलं होतं २१. कुणालाच ओळखता येईना, गोठ्यातल्या शेळ्या म्हणाले, आंब्याची झाडं म्हणाले. शेवटी तिनेच सांगितलं, काल आईने केलेल्या भाकऱ्या, मी मोजल्या. घरात माणसं सात. दुसऱ्या दिवशी मी काही न सांगता अर्धा वर्ग भाकऱ्या मोजून आला होता, आणि एकजण म्हणाला आमच्यात दोनच माणसं आणि आठ भाकऱ्या, म्हणजे आम्हीच जास्त खातो. त्यावर ती म्हणाली, आधी तुमची भाकरी किती मोठी ते सांग.

तर सर, तुमचे पाच आकडे कुठले ते मलाही कळवा, अर्थ लिहू नका, मी ओळखून बघते.